बिबट्याला परत पाठवायचं, पण कुठे?

ऑक्टोबर 2025 च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेमतेम तीन आठवड्यांत, पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले. एक पाच-सहा वर्षांची मुलगी, एक वृद्ध बाई आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. हा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचा बेट भाग; घोड नदी ओलांडली की आंबेगाव, आणि वनखात्याच्या दप्तरी सगळा जुन्नर वनविभाग. लोक रस्त्यावर उतरले, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटली. शेवटी नेमबाज आणून एक बिबट्या मारावा लागला. या वनविभागात गेल्या पंचवीस वर्षांत पन्नासहून अधिक माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत. ज्या घराच्या अंगणातून लेकरू उचलून नेलं, त्या घरासमोर उभं राहून सहजीवनाचं व्याख्यान देणं हा निर्दयपणा आहे. तो मी करणार नाही.

माझं भांडण आहे ते एका वाक्याशी. मोर्चात ते ऐकू येतं, ग्रामसभेच्या ठरावात लिहिलं जातं, वर्तमानपत्राच्या अग्रलेखात येतं, आणि पुण्यातल्या प्राणिप्रेमींच्या तोंडीही तेच असतं, फक्त बोट दुसरीकडे दाखवलेलं. वाक्य असं: जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला, तेव्हा त्याला परत जंगलात पाठवा. या वाक्यातलं पहिलं अर्धं जुन्नर-आंबेगावापुरतं खोटं आहे. दुसरं अर्धं याच मातीत करून पाहिलं गेलं आहे आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. तरी दर हल्ल्यानंतर तेच पुन्हा मागितलं जातं, आणि मागणारा दोषी नसतो, कारण त्याला कुणी कधी नीट सांगितलेलंच नसतं.

आधी जमीन पाहू. या दोन तालुक्यांची पश्चिम कड सह्याद्रीच्या माथ्यावर आहे: भीमाशंकर, आहुपे, दुर्गवाडी, हातवीज, घाटघर, नाणेघाट. तिथे पाऊस धो-धो कोसळतो आणि जंगल सदाहरित, निमसदाहरित आहे. तिथून पूर्वेला निघालं की तासाभराच्या प्रवासात पाऊस तुटत जातो. बेल्हे, लोणी-धामणी हा पट्टा तर पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणग्रस्त. इथे जंगल होतं आणि शेतकऱ्याने ते तोडलं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने इथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. ही माळरानाची, जिराईत जमीन होती. बाजरी, हुलगा, मटकी निघायची, तीही पाऊस पडला तर. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचं पाणी कालव्यांनी पूर्वेला गेलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून 'विघ्नहर' आणि 'भीमाशंकर' हे साखर कारखाने उभे राहिले, आणि घोड, मीना, कुकडीच्या खोऱ्यांत माणसाच्या उंचीपेक्षा उंच, दाट आणि बारमाही ओला असा हजारो एकरांचा आडोसा तयार झाला.

म्हणून "माणूस बिबट्याच्या घरात घुसला" हे वाक्य पारगावच्या किंवा पिंपळवंडीच्या शेतकऱ्याच्या तोंडावर फेकणं अन्यायाचं आहे. त्याने कुणाचं घर पाडलेलं नाही. त्याने कोरड्या रानात पाणी आणलं, शासनाने आखलेल्या योजनेतून आणलं, आणि त्या हिरवाईत बिबट्या राहायला आला. अतिक्रमणाचा शिक्का मारून आपण त्याच्या दुःखावर अपमान चढवतो. त्या अपमानामुळे पुढचं कुठलंही शहाणपणाचं बोलणं ऐकायला तो तयार राहत नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे.

आडसाली लागण शेतात दीड वर्ष उभी राहते. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ तीन महिन्यांच्या आसपास असतो. उसात जन्मलेलं पिल्लू ऊस तुटायच्या आत आईमागे फिरायला लागतं. ज्या वर्षी तसं होत नाही त्या वर्षी काय घडतं, ते इथल्या प्रत्येक ऊसतोड टोळीला माहीत आहे. फडात कोयता चालू असतो, वाढं बाजूला पडत असतं, आणि एका सरीत पाचटावर मांजराएवढी दोन-तीन पिल्लं दिसतात, डोळे अजून निळसर. पूर्वी ती उचलून नेली जायची आणि आई त्या शेताभोवती दिवसेंदिवस चवताळून फिरायची. आता वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, आणि अंधार पडायच्या सुमारास त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. रात्री मादी येते, क्रेट पंजाने आडवा करते, एकेका पिल्लाला मानगुटीला धरून नेते. सगळी पिल्लं नेऊन होईपर्यंत तिच्या खेपा चालतात. हे चित्रण जुन्नर वनविभागात कितीतरी हंगामांत झालं आहे. ही मादी पिल्लांना घेऊन सह्याद्रीकडे जात नाही. शेजारच्या न तुटलेल्या उसात जाते, कारण तिचा जन्मही बहुधा तिथलाच.

हे केवळ डोळ्यांदेखतचं सांगणं नाही. जुन्नरला लागून उत्तरेला अकोले तालुका आहे. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतरस्त्यांवर, ओढ्याकाठी कॅमेरे लावून बिबटे मोजले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यामुळे फोटोंवरून एकेक जनावर ओळखता येतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस निघाले. त्याच भागात माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर आहे. म्हणजे जंगल जवळजवळ नसलेल्या, पूर्ण शेतीच्या मुलखात बिबट्याची स्थायिक प्रजा आहे, माद्या आहेत, पिल्लं आहेत. रस्ता चुकून आलेलं जनावर असं राहत नाही.

मग ते खातं काय? त्याचंही उत्तर शोधलं गेलं. शेताच्या बांधावरून विष्ठा गोळा करायची, चाळणीवर धुवायची, राहिलेले केस आणि हाडांचे तुकडे वाळवायचे, आणि एकेक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो कुत्र्याचा, शेळीचा की डुकराचा ते ठरवायचं. कष्टाचं आणि घाणीचं काम आहे, पण तर्कवितर्कांपेक्षा ते खरं बोलतं. अकोल्यात बिबट्याच्या आहाराचा वजनाने 87 टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट संख्येने होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्याच घरात राहिला. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रं मोकळं हिंडतं, हा सरळ हिशेब त्यामागे आहे.

आता डिसेंबर 2025 मधली गोष्ट. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात वनमंत्री गणेश नाईक यांनी सांगितलं की चार माणसं मेली तर शासनाला एक कोटी भरपाई द्यावी लागते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबटे वस्तीकडे येणार नाहीत, अशी सूचना आपण अधिकाऱ्यांना केली आहे. मंत्र्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मृत्यूनंतर पैसे देण्यापेक्षा मृत्यू टाळावा, हे त्यांचं म्हणणं अगदी योग्य आहे. पण उपाय त्याच चुकीच्या वाक्यातून निघालेला आहे. जांबूतच्या उसातली मादी भीमाशंकरच्या रानात शेळ्या सोडल्याचं कळून उठून जाणार नाही. मंचरपासूनच भीमाशंकर रस्त्याने साठेक किलोमीटर आहे, आणि तिचं जेवण तिच्या बांधावर रोज रात्री भुंकत असतं. शेळ्या जंगलात सोडल्याने जंगलाचं मात्र नक्की नुकसान होईल. शेळ्यांमध्ये पीपीआर नावाचा साथीचा रोग असतो, तो रानटी खुरवाल्यांना लागतो. मंगोलियात 2016-17 मध्ये पाळीव कळपांतून गेलेल्या याच रोगाने सायगा हरणांचे हजारोंनी जीव घेतले. भीमाशंकरच्या भेकराला आणि पिसोरीला हा धोका आपण आपल्या पैशाने विकत घ्यायचा का?

दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे येतो: परत पाठवा. हे करून पाहिलेलं आहे, आणि दुसरीकडे कुठे नाही, जुन्नरमध्येच. 2001 नंतर इथे बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात धरून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. त्याआधी, 1993 ते 2001 या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. 2001 ते 2003 मध्ये ते सरासरी सतरावर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट होऊन 36 टक्क्यांवर पोचलं. अत्रेय, ओडेन, लिनेल आणि उल्लास कारंथ यांचा हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. बिबटे पकडून हलवण्याचा आणि हल्ले वाढण्याचा संबंध त्यांनी जोडला, आणि त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सरसकट पकडून दुसरीकडे सोडू नये असं बजावलं. देशाच्या धोरणाला जुन्नरने हा धडा दिला. आणि जुन्नरच्याच बैठकांत तो कुणी आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं का होतं, हेही समजण्यासारखं आहे. पिंजऱ्याच्या गजांवर आदळून सुळे तुटतात, नखं उखडतात. अनोळखी मुलखात सोडलेल्या जनावराला पाणवठा माहीत नसतो, लपायची जागा माहीत नसते, माणसांच्या वाटा माहीत नसतात. उसातली मादी मात्र आपल्या गावाचं वेळापत्रक पाठ करून असते. दूधवाला किती वाजता जातो, शाळा कधी सुटते, पंप कधी चालू होतो, आणि त्या वेळा टाळून ती हिंडते. तिला उचललं की तिची जागा रिकामी राहत नाही. अंगाने वाढलेला, अजून स्वतःचा इलाका नसलेला एखादा तरुण नर तिथे येतो आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं. गावाला वाटतं एक बिबट्या कमी झाला. खरं तर ओळखीचा गेला आणि अनोळखी आला.

'आजोबा' या बिबट्याची कथा अनेकांनी सिनेमामुळे ऐकली आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्क नर. त्याला माग ठेवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात, म्हणजे जुन्नरच्याच वेशीवर, चांगल्या जंगलात सोडलं. तो तिथे थांबला नाही. घाट उतरून, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, वसईची खाडी पार करून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही, हे त्याच्या स्वभावाला शोभेसं. पण आपण नकाशावर बोट ठेवून "इथे राहा" म्हटलं म्हणून बिबट्या राहत नाही, हे त्या पट्ट्याने बिंदू-बिंदूने दाखवून दिलं.

आणि ज्याला आपण "जंगल" म्हणून बोट दाखवतो, ती जागा तरी कशी आहे? भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ 130.78 चौरस किलोमीटर, तेही पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत विभागलेलं. अकोल्याच्या शेतीत जितके बिबटे आढळले त्याच दाटीने हिशेब धरला तर एवढ्या जागेत सहा-सात प्रौढ मावतात. तितके तिथे आधीच असणार. बेट भागातले पिंजऱ्यात धरलेले आणखी वीस तिथे ओतले तर ते कुठे जातील? निगडाळे, कोंढवळ, आहुपे या गावांत जातील. तिथे महादेव कोळी राहतात, घरं विरळ, रानाला लागून. उन्हाळा तोंडावर आला की बायका-मुलं बाळहिरडा वेचायला, झोडपायला पहाटेच रानात शिरतात. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने ती हिरड्याची झाडं मोडली आणि त्या भरपाईसाठी या लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ज्यांचा आवाज मंचरच्या चौकापर्यंत पोचत नाही, ज्यांच्यासाठी महामार्ग अडत नाही, त्यांच्या दारात बागायतदार पट्ट्यातला धोका नेऊन टाकायचा, आणि याला उपाय म्हणायचं? हीच माणसं वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. त्यांच्या श्रद्धेचं कौतुक करणारे आपण, त्यांच्या जिवाची किंमत मात्र विचारत नाही.

त्या जंगलाचं स्वतःचं दुखणं आहे आणि ते बिबट्याच्या गोंगाटात पार बुडून गेलं आहे. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. सह्याद्रीच्या या कडेचं रान आता सलग उरलेलं नाही. भीमाशंकरचा मुख्य तुकडा, आहुपेची देवराई, दुर्गवाडीकडचं झाडीचं टोक, मधे उघडे सडे, भातखाचरं, रस्ते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात इथल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, म्हणून त्यांचं मोल निदान कागदावर आलं. पश्चिम घाटावरच्या 2011 च्या गाडगीळ समितीच्या अहवालात भीमाशंकरच्या शेजारी, खेड तालुक्यात, पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांचं वर्णन आहे. तो अहवाल पुढे गुंडाळला गेला.

या तुटलेल्या रानाची खरी झळ बसते ती शेकरूला, महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याला. भीमाशंकर त्याच्याचसाठी प्रसिद्ध. रेनी बोर्जेस यांनी ऐंशीच्या दशकात इथे त्याचा अभ्यास केला, पुढे हेमा सोमनाथन आणि सुभाष माळी त्यांच्या कामात सामील झाले. शेकरू जमिनीवर उतरायचं टाळतो. त्याचं खाणं, झोपणं, वीण, सगळं शेंड्यांवर. तो फांद्यांच्या बेचक्यात घरटी बांधतो, एकाच वेळी अनेक, आणि कठीण दिवसांसाठी बियांचा साठाही झाडावरच करून ठेवतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला फांदीला फांदी लागते. गाड्यांसाठी रस्ता रुंद झाला, दोन्ही कडेची झाडं गेली, की त्या रस्त्याच्या अलीकडचा शेकरू अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. पिढ्या उलटतात तशी त्या बेटावरची वीण आतल्या आत होत जाते. बिबट्याला जंगल तुटल्याने जे सोसावं लागलं नाही, ते सगळं शेकरूला सोसावं लागतं. रात्री जमिनीवर दबकत फिरणारी पिसोरी, तीही अशाच ओल्या सावलीची. ही जनावरं उसात राहायला जाऊ शकत नाहीत. त्यांना दुसरं घर नाही.

म्हणून जंगल वाचवायचं ते त्यांच्यासाठी, तिथल्या झऱ्यांसाठी, हिरड्यावर जगणाऱ्या माणसांसाठी. बिबट्याचे हल्ले थांबावेत म्हणून जंगल वाढवा, असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा दोन्ही कामं बिघडवतो. उद्या भीमाशंकरचं रान दुप्पट झालं तरी पारगावच्या उसातला बिबट्या हलणार नाही. मग पुढचा कुणी म्हणेल, जंगल वाढवूनही काय उपयोग झाला?

बाकी दोन उपायांबद्दल थोडक्यात. बिबटे गुजरातेतल्या 'वनतारा'सारख्या केंद्रात पाठवायचे, ही मागणी जोरात आहे. काही जखमी, पिंजऱ्यात आयुष्य काढावं लागणारे बिबटे तिथे गेले तर माझी हरकत नाही. पण त्यामुळे इथली संख्या कमी होईल हा भ्रम आहे. जागा भरली जाणार, हे वर सांगितलंच. नसबंदीचं तसं नाही. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जुन्नर विभागातल्या पाच माद्यांवर प्रायोगिक तत्त्वावर ती करायला परवानगी दिली, आणि हा प्रयोग नीट नोंदी ठेवून व्हायला हवा असं मलाही वाटतं. मात्र ज्या मादीला आज पिल्लं होणार नाहीत, ती स्वतः आज रात्री त्याच बांधावरून जाणार आहे. नसबंदीने हिवाळ्यातल्या या रात्री सुरक्षित होत नाहीत, आणि तसं लोकांना सांगणं ही फसवणूक ठरेल.

या रात्री कशाने सुरक्षित होतील? हे मला गावकऱ्यांपेक्षा जास्त कळतं असं मी म्हणत नाही. बहुतेक गोष्टी त्यांनीच सांगितलेल्या आहेत. शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. मग शेतकरी मध्यरात्री उसाला पाणी भरायला जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, दारं मोडायला वाकलेला. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला उंचीने लहान जनावर दिसतो, आणि लहान मुलं या हल्ल्यांत जास्त सापडतात त्यामागेही हेच आहे. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे आणि दिवसा वीज देणं हाच तिचा उद्देश आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या चार तालुक्यांतला प्रत्येक फीडर आधी तिच्यावर आणा. पन्नास पिंजऱ्यांपेक्षा हे काम जास्त जीव वाचवील, अशी माझी खात्री आहे.

ऊसतोड कामगारांच्या कोप्या उसाला लागून, अंधारात, पाचटाच्या असतात. लेकरं बाहेरच झोपलेली असतात आणि आई-बाप पहाटे तीनलाच फडात गेलेले. मेंढपाळांचा वाडा वाघरीच्या जाळीत उघड्या शेतात बसतो. या माणसांना ग्रामसभेत मत नसतं, कारण ती बाहेरगावची. त्यांच्यासाठी कुंपण घातलेली, दिवे असलेली, संडास असलेली राहायची जागा करून देण्याची जबाबदारी साखर कारखान्यांनी घेतली पाहिजे. ऊस कारखान्यांसाठीच तुटतो. कारखाना गाळपाचा विक्रम जाहीर करतो, तेव्हा त्या विक्रमामागे कोपीतलं मूल कसं झोपलं होतं, हेही त्याला विचारलं गेलं पाहिजे. घराला आणि शाळेला खेटून ऊस न लावता मधे कांदा, भाजी, चाऱ्याचं बुटकं पीक ठेवायचं, आणि त्या पट्ट्याचा तोटा शासनाने भरून द्यायचा, असा ठराव घेण्याची धमक एखाद्या गावाने दाखवली, तर त्याला पैसे मिळाले पाहिजेत. पोल्ट्रीवाले मेलेली कोंबडी ओढ्यात टाकतात. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या. हे थांबवायला केंद्राची परवानगी लागत नाही, ग्रामपंचायतीची नोटीस पुरते. मृत्यूनंतर पंचवीस लाख मिळतात. बंदिस्त गोठ्यासाठी, अंगणातल्या दिव्यासाठी, संडासाच्या दारासाठी मृत्यूआधी काय मिळतं, ते मागा.

यावर मला गावात उत्तर मिळतं ते असं: "हे सगळं व्हायला पाच वर्षं लागतील, तोवर आम्ही मरायचं का?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला टाळाटाळ चालणार नाही. ज्या बिबट्याने माणूस मारला, त्याला त्याच आठवड्यात शोधलं गेलं पाहिजे. जखमेवरच्या लाळेचा नमुना, आजूबाजूच्या कॅमेऱ्यांतले फोटो, पायांचे ठसे, हे सगळं पहिल्या चोवीस तासांत गोळा व्हावं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 खाली, माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या जनावराला पकडण्याची आणि अखेर मारण्याचीही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि ती देण्यात वेळ घालवू नये. त्या एका जनावराबद्दल मला कसलीही हळहळ नाही. पण त्याच्या नावाखाली पंचक्रोशीत वीस पिंजरे लावून मिळेल तो बिबट्या धरला, तर मारणारा मोकळाच राहू शकतो, आणि शिवाय वीस जागा अनोळखी जनावरांसाठी मोकळ्या होतात. पुढच्या हंगामात त्या जागांवर कोण येणार, हे 2003 मध्ये जुन्नरने पाहिलेलं आहे. पिंजरा मागताना ग्रामसभेने वनखात्याला लेखी विचारावं: हाच तो बिबट्या कशावरून, आणि तो पकडल्यावर कुठे जाणार?